शेंदराचा शेवटचा थर

देवाजी दुर्गे गुरुजींची आई गेली त्याला आठ दिवस झाले होते. अख्खं खडकी गाव येऊन रडून गेलं. ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा बायासुद्धा डोळ्याला पदर लावून गेल्या. आणि पोटचा लेक मात्र ओसरीवर खांबाला टेकून, आल्यागेल्याला "जय भीम, बसा, चहा घ्या" म्हणत बसलेला. आता गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? कोणी म्हणालं, शिकलेला माणूस, आतल्या आत रडतो. कोणी म्हणालं, आत काही असेल तर रडेल ना! गुरुजींच्या कानावर दोन्ही आलं, आणि त्यांना कशाचाच राग आला नाही. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. पाय निदान झटकता तरी येतो.

साल त्र्याऐंशी. खडकी म्हणजे जैनथच्या पलीकडचं, पैनगंगेच्या काठावरचं गाव. त्या तीरावर महाराष्ट्र, ह्या तीरावर आंध्र. शाळेत फळ्यावर मराठी, कचेरीच्या कागदावर तेलुगू, आणि गुरुजी दोन्हींत सही करणारे. वस्तीतून निघालेले पहिले मास्तर. पण वस्तीत नाव त्यांचं नव्हतं, नाव होतं त्यांच्या आईचं, सोनाबाईचं. नाव सोनाबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, हिच्या हाती तोही नव्हता. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला. तरी तिच्या शब्दाला जे वजन होतं ते सरपंचाच्याही नव्हतं.

त्याचं कारण छप्पन साल. गुरुजींचा बाप गंगाराम चांद्याहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, आणि वस्तीतल्या चाळीस घरांनी देव घराबाहेर काढायचे ठरवले. ठरवणं सोपं असतं हो; पहिला हात कोण लावणार? सोनाबाईनं लावला. कोनाड्यातले पाचही देव तिनं टोपलीत घातले, टोपली आठ वर्षांच्या देवाजीच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "जा, सोडून ये नदीत." देवाजी मांडीभर पाण्यात उभा राहून एकेक देव सोडून आला. ह्याच हातांनी, असं तो पुढं मास्तर झाल्यावर दर वर्षी पोरांना हात दाखवून सांगायचा.

आणि महिनाभरात धाकटी शेवंता गेली. तीन वर्षांची पोर, दोन दिवसांच्या तापानं. झालं! वरच्या आळीनं ठरवूनच टाकलं की देव घराबाहेर काढले म्हणून देवानं लेक नेली. वस्तीतली चार घरं डगमगली, कोनाडे पुन्हा सारवायला लागली. लेकीला पुरून आलेली सोनाबाई त्या चारही दारांत गेली आणि उभ्या उभ्या बोलली, "माही लेक तापानं गेली. दवाखाना आदिलाबादले, अन् बैलगाडी भेटली नाई. त्यात देवाचं नाव घेसान, त माह्या लेकीच्या मरणावर खोटं बोलसान." चारही घरं जागच्या जागी राहिली.

ही गोष्ट वस्तीत पोरीबाळींना पाठ होती. म्हणूनच महिला मंडळाच्या मालनबाई आठव्या दिवशी येऊन ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, रविवारी जलदान विधी. त्याच दिवशी सोनाबाईचा फोटो विहारात लावू. भंतेजी येऊन राह्यले. तुमी दोन शब्द बोला. माय डगमगली नाई, हे आजच्या पोरींले समजलं पायजे."

"बोलतो," गुरुजी म्हणाले.

फोटो शोधायला म्हणून त्यांनी आईची पत्र्याची ट्रंक उघडली. वर दोन लुगडी, मधे आदिलाबादच्या स्टुडिओतला फोटो, आणि अगदी तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. हाताला जड लागलं. सोडलं, तर दगड. तळहाताएवढा, खाली रुंद आणि वर निमुळता, आणि अंगावर शेंदराचा हा एवढा जाड, इथं तिथं दबलेला थर. ओळखायला क्षणही लागला नाही. मरीमाय. टोपलीतली, सगळ्यांत शेवटी सोडलेली, पाण्यात पडताना डुबुक वाजलेली.

वाचणाऱ्याला वाटेल, गुरुजींच्या पायाखालची जमीन सरकली असेल. काही सरकलं नाही. त्यांनी आधी उठून दार लोटलं. मग परत येऊन बसले आणि वर्गात गणित सोडवावं तसा विचार केला. मायनं ही परत आणली. सत्तावीस वर्षं लपवून ठेवली. म्हणजे चार दारांत बोलून आली आणि घरी येऊन हिला हात जोडले. आता रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून मला म्हणायचंय, माय डगमगली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण ही मूठ झाकायची कुठं? ट्रंकेत ठेवावा तर रविवारी बायका आईची लुगडी काढायला ट्रंक उघडणारच. नदीत टाकावा तर पाणी उतरलेलं, धुणं धुणाऱ्या बायांना दुसऱ्या दिवशी सापडेल, आणि शेंदूर बघून वरची आळी पुन्हा नाचेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मग त्यांना सुधाकरराव आठवले.

सुधाकरराव हैदराबादच्या विद्यापीठातले. पंधरा दिवसांपासून नदीकाठी तंबू ठोकून गोटे वेचत होते. गावानं त्यांचं नाव दगडेसाहेब ठेवलं होतं, आणि डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, पण माणूस गरीब आहे, असा निकालही देऊन टाकला होता. हा माणूस दगड घेऊन हैदराबादला जाईल, कपाटात ठेवेल, विषय संपेल. मंगळवारी शाळा सुटल्यावर गुरुजी पिशवीत दगड घालून तंबूवर गेले.

सुधाकररावांनी फडकं सोडलं आणि दगड उलटापालटा करून पाहिला. मग त्यांनी दगड गुरुजींच्या हातात दिला.

"असा धरा. रुंद बाजू तळव्यात, अंगठा ह्या खोबणीत. बसला ना?"

बसला. असा बसला की जणू माप घेऊन केलेला.

"ही हातकुऱ्हाड आहे, गुरुजी. लाखाच्या वर वर्षं झाली असतील. दोन्ही बाजूंनी छिलके काढून धार केलीय. शेंदराखालूनही आकार कळतो. कोणाला तरी नांगरताना नाहीतर नदीत मिळाली असेल. दगड वेगळा दिसला, म्हणून देव केला."

"आमच्या सातवीच्या पुस्तकात हाये हे," गुरुजी म्हणाले. "युरोपातली हत्यारं. आधी जाडजूड, मंग बारीक, पातळ पात्यांची."

"आणि ती बदलली कशी, काय लिहिलंय?"

"नवे लोक आले, असं."

सुधाकरराव हसले. "सोपं उत्तर आहे. तिकडे फ्रान्समधे गुहा खणल्या. खालच्या थरात जाड हत्यारं, वरच्या थरात पातळ पाती. मग विद्वानांची भांडणं लागली, ती अजून मिटली नाहीत. जुनी माणसं गेली आणि नवी आली? का त्याच माणसांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून नवं शिकून घेतलं? दगड बदलला की माणूसच बदलला म्हणून मोकळं व्हायची सवय असते आपल्याला. तुमचीच वस्ती घ्या. हजारो वर्षांनी कोणी खणली, तर खालच्या थरात शेंदराचे देव सापडतील, वरच्या थरात एकही नाही. तो म्हणेल, जुनी जमात गेली, दुसरीच आली."

"कोणी गेलं नाई, साहेब," गुरुजी म्हणाले. "तीच माणसं. झोपली अन् सकाळी उठली."

"तेच तर! म्हणून ह्याला मोल आहे. कुऱ्हाडी मला शेकड्यानं मिळतात. पण कुऱ्हाडीवर शेंदूर, आणि तो शेंदूर कोणत्या साली थांबला ते माहीत, असं कुठे मिळतं? कोणाच्या घरचा हा?"

"नदीत सापडला."

सुधाकररावांनी दगड उन्हात धरला. "वर्षानुवर्षं नदीत पडलेला शेंदूर असा राहत नाही. हा घरात होता. हे बघा, फडक्याचं सूत चिकटलंय." गुरुजींचा चेहरा पाहून ते थांबले. "घाई नाही. मला आदिलाबादला जाऊन कॅमेऱ्याचा रोल आणायचाय, शनिवारी येतो, तेव्हा फोटो काढू आणि सगळं नीट लिहून घेऊ. गाव, घर, माणसाचं नाव. तोवर तुमच्याकडेच ठेवा. फक्त एक करा, ह्याला धुऊ नका. शेंदूर हासुद्धा थरच आहे."

म्हणजे घ्या! विषय संपवायला गेले आणि विषय छापायला देऊन आले. हात दाखवून अवलक्षण ते हेच. गाव, घर, माणसाचं नाव, आणि तेही शनिवारी, जलदान विधीच्या आदल्या दिवशी. गुरुजी घरी आले, जेवले, बुधवारी शाळेत जाऊन आले. कोणी विचारलं असतं की मनात काय चाललंय, तर त्यांना सांगता आलं नसतं. भीती वाटत होती म्हणावं तर छाती धडधडत नव्हती. आईची लाज वाटत होती, एवढं मात्र पक्कं. आई गेल्याचं दुःख वाटत नव्हतं आणि लाज तेवढी वाटत होती.

गुरुवारी दुपारी त्यांची बायको कुसुमबाई जैनथच्या बाजाराला गेली. गुरुजींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्यांनी अंगणात पाट मांडला, घमेल्यात रॉकेल ओतलं, धुण्याचा सोडा घेतला, विटकरीचा तुकडा घेतला. दगड रॉकेलमधे बुडवून ठेवला आणि मग घासायला बसले. शेंदूर आधी हटेना. मग गुळाची ढेप सुटावी तसे वरचे पापुद्रे सुटायला लागले. एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. आईनं लावलेला, आजीनं लावलेला, आजीच्या सासूनं लावलेला. घमेल्यातलं रॉकेल लालभडक झालं. ते मोरीत ओतलं, वर राख टाकली, पुन्हा रॉकेल घेतलं. सारा वेळ त्यांची नजर फाटकावर होती, कोणी येतंय का बघायला. हात आपले आपण घासत होते, दगडाकडे बघायचं त्यांना कारणच नव्हतं.

दोन तासांनी दगड निघाला. करडा, मधे जरा पिवळट. दोन्ही अंगांवर शिंपल्यासारखे उथळ खळगे, एकाला लागून एक, आणि कडेनं नागमोडी धार. हे कोणी तरी बसून, ठोकून ठोकून केलंय, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. मरीमायचा मागमूस राहिला नव्हता. आता सुधाकररावांना बेलाशक सांगता येईल, नदीत सापडला. गुरुजींनी हात धुतले, दोनदा धुतले, आणि बायको यायच्या आत चहा करून प्यायले. आईचं नाव राखलं, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. बरं वाटेल अशी आशा होती. काही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांची थोरली बहीण आली. चंपाबाई, गुरुजींपेक्षा पाच वर्षांनी मोठी, नदीपलीकडे वणीकडे दिलेली. आईच्या मातीला येऊन गेली होती, आता जलदानासाठी दोन दिवस राहायला आली. गुरुजी तिला अक्का म्हणत. बाई तोंडानं फटकळ, पण मायेची. आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायली, कुसुमबाईची विचारपूस केली, आणि सरळ ट्रंकेपाशी गेली. लुगडी बाजूला केली, तळाशी हात घातला, पुन्हा घातला.

"देवा, मायचं गाठोडं कुठी हाये रे?"

गुरुजींनी दार लोटलं. कपाटावरून फडकं काढून तिच्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुले माहीत होतं त. भिऊ नको अक्का. मी साफ केला. आता कोणाले काई समजत नाई."

चंपाबाईनं फडकं सोडलं. दगड पाहिला, उलटा केला, पाहिला. मग तिनं वर बघितलं.

"हे काय केलं तू?"

"मरीमाय होती अक्का. उद्या भंतेजी येतीन, मालनबाई येतीन, मायचा फोटो लागन. अन् ट्रंकेत हे निंगालं असतं त? माय लपून पूजत होती हे..."

"कोन पूजत होतं?" चंपाबाई जवळजवळ ओरडलीच. मग तिनंच स्वतःचा आवाज आवरला. ती ट्रंकेला पाठ लावून खाली बसली, दगड मांडीवर घेतला. "बावळटा! कोन पूजत होतं रे तिले? तू पाह्यलं मायले हात जोडताना?"

"मंग ठेवला काऊन?"

"त्या सालच्या पोळ्याले मायनं देवायले शेंदूर लावला. नवा, ओला होता. शेवंता रांगत रांगत... नाई, चालत होती तवा. चालत गेली अन् मरीमायवर पंजा ठेवला. दाबून. चार बोटं अन् अंगठा. मायनं धपाटा हानला तिले. अन् ते तसंच सुकलं. मंग तुमी चांद्याचं केलं, तू देव सोडून आला. मंग ते गेली."



"तिच्या आंगावरचा झगा तिच्यासंगच पुरला. दुसरा झगा नव्हताच. फोटो कोन काढत होतं आपला? चार दारांत बोलून आली, अन् मंग पंधरा दिवस माय उठली नाई. उठली त मले म्हणे, चल. नदीचं पानी उतरलं होतं. तीन दिवस, कापूस वेचून आलो का नदीत. गोटे उलटून उलटून पाह्यले तिनं, हात फाटले. तिसऱ्या दिवशी सापडला. आता तूच सांग, तिनं काय केलं असन? कपाळ टेकवलं असन?"

"काय केलं?"

"बोटं ठेवली. त्या खळग्यांत आपली बोटं. मावत नव्हती, नुसत्या शेंड्या मावत होत्या. एवढंच करे ते. शेंदूर नाई, फूल नाई, उदबत्ती नाई. वर्साकाठी एकदा ट्रंक उघडे, बोटं ठेवे, बांधून ठेवून दे. मले म्हणे, मी मेल्यावर तू ने."

"मले काऊन नाई सांगितलं?" गुरुजींचा आवाज त्यांनाच परका वाटला. "मले सांगितलं असतं त..."

"कोणालेच सांगू नको म्हणे. लोकं म्हणतीन सोनाबाई देवाकडं वापस गेली, मंग ते चार घरं पुन्हा शेंदूर आनतीन." चंपाबाईनं लुगड्याच्या पदरानं दगड पुसला, पुसायला काही उरलं नव्हतं तरी पुसला. "बरोबरच म्हणत होती. लोकायचं सोड. तू तिच्या पोटचा, अन् तूही तेच म्हणला."

 गुरुजी तिच्यासमोर खाली बसले. इतके दिवस आईची वाटत होती ती लाज आता जागच्या जागी फिरून त्यांच्या स्वतःच्या अंगावर आली. चार दारांत उभ्या राहिलेल्या बाईवर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. चाळीस घरांनी ठेवला होता, तिच्या लेकानं नाही. हे त्यांना अगदी लख्ख कळत होतं, आणि तरी डोळे कोरडेच होते, त्याचाही त्यांना राग येत होता.

दुपारी सुधाकरराव आले. खांद्याला कॅमेरा, बगलेत वही. ओसरीवर बसले, आणि गुरुजींनी पुढं केलेला दगड पाहून त्यांचा चेहरा उतरला. पण माणूस सभ्य, त्यांनी नुसती वही उघडली.

"मी घासला," गुरुजी म्हणाले. "तुमी नाई म्हटलं होतं तरी."

"हरकत नाही. हत्यार तर आहे."

"लिहून घ्या साहेब. मंगळवारी खोटं बोललो मी. नदीतला नाई. घर दुर्ग्याचं. माणसाचं नाव सोनाबाई गंगाराम दुर्गे, राहणार खडकी. शेंदूर थांबला छप्पन साली, पोळ्याले. त्याच्यानंतर एकदाही लागला नाई." ते वर्गात श्रुतलेखन सांगतात तसं थांबत थांबत सांगत होते, आणि सुधाकरराव लिहीत होते. पुढचंही सगळं त्यांनी सांगितलं. पोरीचा पंजा, नदीतले तीन दिवस, बोटांच्या शेंड्या. आतून कुसुमबाई येऊन दारात उभी राहिली, तिच्यामागं मालनबाई. त्या उद्याच्या फुलांचं विचारायला आल्या होत्या. गुरुजींनी त्यांना बघितलं आणि आवाज कमी केला नाही. "उद्या विहारात हेच सांगतो," ते म्हणाले. मालनबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि मग मान डोलावली.

 सुधाकररावांनी वहीचं कोरं पान काढलं, दगड त्यावर ठेवून कडेनं रेघ ओढली, उलटा करून पुन्हा ओढली. एका पानावर दोन आकृत्या झाल्या, एक ह्या अंगाची, एक त्या अंगाची. खळगे, धार, सगळं त्यांनी बारकाईनं भरलं. वही त्यांनी चंपाबाईपुढं सरकवली.

"बाई, शेंदूर गेला, पण जागा तरी नोंदवून ठेवतो. पोरीचा हात कोणत्या अंगाला होता? अंगठा कुठे? तुम्ही दाखवा, मी खूण करतो."

चंपाबाईनं दगड हातात घेतला. ह्या अंगानं धरला, बोटं टेकवली, काढली. उलटा केला, त्या अंगाला टेकवली. टोक वर करून पाहिलं, टोक खाली करून पाहिलं. दोन्हीकडं सारखेच गार, गुळगुळीत खळगे, आणि तिची बोटं कुठंही ठेवली तरी बसत होती. सुधाकरराव पेन्सिल धरून थांबले होते. 

"आता मलेबी समजत नाई, साहेब," ती म्हणाली, आणि दगड तिनं भावाच्या हातात दिला.